चौकशी अहवालात ‘मानवी चूक’ लिहून झालं, पुढे काय?

तिसरी_पाळी

नमस्कार मंडळी. मी रासायनिक प्रक्रियेच्या प्लांटमध्ये पाळीप्रमुख आहे आणि आमच्या सुरक्षा समितीवरही आहे. समितीवर आल्यापासून जुने अपघात अहवाल वाचतोय. जवळपास प्रत्येक अहवालाचा शेवट सारखाच: “कारण: ऑपरेटरची चूक. उपाय: संबंधितास समज दिली, पुन्हा प्रशिक्षण दिले.” खाली सह्या, फाइल बंद. नंतरच्या अहवालात तेच ठिकाण, तोच वॉल्व्ह, फक्त माणूस दुसरा.

आता ताजी घटना. शेजारी शेजारी दोन पंप आहेत, ए आणि बी. ए पंप दुरुस्तीसाठी बंद करून रिकामा केला होता, बी चालू होता. रात्रपाळीच्या फिटरने बी पंपाचा फ्लँज (पाइपचा बोल्टने आवळलेला जोड) सैल केला. गरम द्रव हातावर उडाला. सुदैवाने पूर्ण हातमोजे होते, भाजणं वरवरचं होतं. फिटर अनुभवी आहे, कामसू आहे. अहवालात “निष्काळजीपणा” असा शब्द आला आणि त्याला लेखी समज मिळाली.

मी सही केलेली नाही. फेरचौकशी मागितली आहे. पण तिथे बोलायचं काय? “बिचाऱ्याची चूक नव्हती” एवढंच म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, आणि ते खरंही नाही, कारण फ्लँज त्यानेच उघडला. तुमच्याकडे अशा वेळी काय करता?

चौकस

सही केली नाहीत हे फार चांगलं केलंत.

बहुतेक अपघात कामगाराच्या चुकीने होतात हे आपल्या डोक्यात कुठून आलं ते सांगतो. १९३१ मध्ये हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकन विमा कंपनीतल्या अभियंत्याने ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित कृतींमुळे, १० टक्के यंत्र आणि परिस्थितीमुळे आणि २ टक्के अटळ, अशी मांडणी केली. आजही सुरक्षा सप्ताहाच्या भाषणांत हा आकडा ऐकू येतो. पण तो आला कुठून? विम्याचे दावे आणि कारखान्यांच्या नोंदी यांतून. अशा नोंदी भरणारे मुख्यतः वरचे लोक, आणि प्रत्येक अपघात एकाच खान्यात टाकलेला. फॉर्म भरणाऱ्याच्या हातात ‘कामगाराचा हलगर्जीपणा’ हा सोपा पर्याय असेल, तर तोच खाना भरत जाणार. नव्वदेक वर्षं आपण तोच फॉर्म भरतोय.

तुमच्या फिटरने फ्लँज उघडला यात वाद नाही. त्याला तो पंप बंद असलेला का वाटला, हे मात्र अहवालात कुठेच नाही. चौकशी खरी तिथून सुरू व्हायला हवी होती.

गेजवाला

माझं काम इन्स्ट्रुमेंटेशनचं, म्हणजे मोजमाप आणि नियंत्रणाच्या उपकरणांचं. एकच विचारतो. पॅनेलवर ए आणि बी ची बटणं ज्या क्रमाने आहेत, जागेवर पंपही त्याच क्रमाने आहेत का?

तिसरी_पाळी

नाहीत. पॅनेलवर डावीकडे ए, उजवीकडे बी. जागेवर जिन्याने उतरलं की आधी बी लागतो, मग ए. बाकीच्या सगळ्या जोड्यांत आधी ए आहे. या जोडीची पाइपिंग नंतर बदलली, तेव्हा उलटं झालं असं जुने लोक सांगतात.

गेजवाला

मग इथेच घोडं पेंड खातंय.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच विमानाची चाकं आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे हलते पट्टे) आत घ्यायला जायचे आणि हात चाकांच्या खटक्यावर पडायचा. ‘वैमानिकाची चूक’ अशी नोंद व्हायची. आल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं. दोन्ही खटके दिसायला सारखे आणि अगदी शेजारी शेजारी. त्याने चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. अंधारात, थकलेल्या हातालाही फरक कळू लागला आणि तो प्रकार थांबला. वैमानिक तेच होते आणि त्यांना वेगळं प्रशिक्षणही दिलेलं नव्हतं. आजही विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्या आकाराची असते.

याच चापानिसने १९५९ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर चार बर्नरच्या शेगडीवर प्रयोग केला. बर्नर आणि खालच्या बटणांच्या चार वेगवेगळ्या मांडण्या करून लोकांना ठरावीक बर्नरचं बटण दाबायला सांगितलं. ज्या मांडणीत बर्नर थोडे तिरके सरकवल्यामुळे कोणतं बटण कोणाचं हे नजरेलाच कळत होतं, तिथे एकही चूक झाली नाही. बाकी तिन्ही मांडण्यांत चुका झाल्या.

तुमच्या प्लांटमध्ये सगळीकडे आधी ए लागतो आणि एकाच जागी आधी बी. याचा अर्थ प्लांट रोज माणसाला शिकवतो की पहिला पंप म्हणजे ए, आणि एका ठिकाणी तेच शिकलेलं त्याच्यावर उलटवतो. नवखा माणूस पाटी वाचेल. सवयीचा माणूस फसेल.

ठिणगी

मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर. वर लिहिलंय ते पटतं, पण दुसरी बाजूही मांडायला हवी. प्रत्येक वेळी ‘सिस्टिमची चूक’ म्हणून माणसाला मोकळं सोडलं तर शिस्त राहणार नाही. लॉकआउट-टॅगआउट म्हणजे कामाआधी स्वतःचं कुलूप लावायचं, चावी स्वतःच्या खिशात, मग वीज खरंच गेली का ते टेस्टरने पाहायचं, आणि टेस्टर चालू आहे का हेही आधी आणि नंतर जिवंत लाइनवर तपासायचं. ही शिस्त मी माझ्या माणसांच्या अंगी बाणवली आहे. लिमिट स्विचला (मशीन वेळीच थांबवणाऱ्या सुरक्षा स्विचला) जंपर मारून, म्हणजे तार जोडून तो निकामी करून, मशीन चालवणारा माणूस विसरभोळा नसतो, त्याला सगळं माहीत असतं. त्यालाही कुरवाळायचं का?

मोजमाप

ठिणगी साहेब, तुमचा प्रश्न रास्त आहे. सगळ्या प्रकारांना ‘मानवी चूक’ या एकाच पोत्यात कोंबलं की हा घोळ होतो.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी केलेली विभागणी मला रोजच्या कामात सगळ्यात उपयोगी पडते. पहिला प्रकार हात घसरण्याचा: करायचं होतं बरोबर, हात भलतीकडे गेला. दुसरा विसरण्याचा: मधली पायरी सुटली, बहुतेकदा मध्येच कोणी हाक मारल्यामुळे किंवा फोन आल्यामुळे. तिसरा समजुतीचा: केलं ठरवल्याप्रमाणेच, पण परिस्थितीचा अंदाज चुकला. आणि चौथा, जो चूक नव्हेच, तो म्हणजे जाणूनबुजून नियम मोडणं.

पहिल्या दोन प्रकारांवर प्रशिक्षणाचा उपयोग जवळजवळ शून्य. त्या माणसाला काम येत असतंच. उलट हात घसरणं हे निष्णात माणसाचं दुखणं आहे, कारण त्याचा हात विचाराशिवाय चालतो. त्याला पुन्हा वर्गात बसवून काय शिकवणार? तिथे मांडणी, रंग, आकार, चुकीच्या जागी बसूच न शकणारं कपलिंग, हेच उपाय. समजुतीची चूक असेल तर प्रशिक्षणाने फरक पडू शकतो, तोही माहिती वेळेवर आणि खरी मिळत असेल तर.

आता जंपर. तो मारला कोणी, यासोबत किती लोक मारतात आणि कधीपासून हेही विचारा. एकाच माणसाने एकदा मारला असेल तर तुमचं म्हणणं खरं. तिन्ही पाळ्यांत मारला जात असेल आणि सुपरवायझरला ते रोज दिसत असेल, तर तो तिथला चालू नियमच झाला आहे. कागदावरचा नियम तिथे कोणी पाळत नाही, आणि त्या जोरावर होणारं उत्पादन मात्र सगळ्यांना हवं असतं. अशा वेळी पकडलेल्या एकाला शिक्षा म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

रीझन यांनी एक साधी कसोटी दिली आहे. त्याच कामाचा, तेवढ्याच अनुभवाचा दुसरा माणूस त्याच परिस्थितीत ठेवा. तोही तसंच वागला असता का? समितीने त्याच पाळीतल्या दोघा-तिघांना वेगवेगळं बसवून हे विचारावं. उत्तर ‘हो’ येत असेल तर शिक्षेने पुढचा अपघात टळणार नाही.

ठिणगी

कसोटी आवडली. आमच्याकडचं एक सांगतो. एका प्रेसचा सेफ्टी सेन्सर सतत बायपास व्हायचा. दोघांना मेमो दिले, तरी थांबेना. शेवटी मशीनसमोर पाळीभर उभा राहिलो. सेन्सर तेलाच्या फवाऱ्याने आंधळा व्हायचा, मशीन उगाच थांबायचं आणि रीसेटची चावी ऑफिसात. दर वेळी चावीसाठी धावायचं आणि वर उत्पादन कमी म्हणून बोलणी खायची. सेन्सरची जागा बदलली, कव्हर बसवलं, बायपास बंद झाला. मेमोंनी काही झालं नव्हतं हे खरंय.

तरी पिऊन आलेल्या माणसाला मी गेटवरूनच परत पाठवणार.

मोजमाप

पाठवायलाच हवा. धोका समोर दिसत असताना, इतर कोणीही केलं नसतं असं जो करतो, त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे. तसं झालं नाही तर प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांचाच विश्वास उडतो. फक्त ही रेषा कुठे आहे ते अपघाताआधी सगळ्यांना सांगितलेलं असावं. आणि दुखापत किती झाली यावरून ती सरकू नये. आपल्याकडे तेच होतं: रक्त निघालं की गुन्हा, थोडक्यात वाचला की पाठीवर थाप. कृती दोन्हीकडे एकच.

परिचारिका

रुग्णालयातलं चालेल ना इथे? कामाची जागाच आहे, आणि आमच्या चुकीची किंमत तिसराच माणूस मोजतो म्हणून लिहिते.

व्हिंक्रिस्टीन हे कर्करोगाचं औषध फक्त शिरेतून द्यायचं असतं. मणक्यातून, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात गेलं तर जवळपास नेहमी मृत्यू. त्याच रुग्णांना काही औषधं खरोखरच मणक्यातून द्यायची असतात, आणि दोन्ही सिरिंजमध्ये, एकाच ट्रेमध्ये यायची. वेगवेगळ्या देशांत या एकाच चुकीने माणसं गेली. सूचना निघाल्या, लाल अक्षरात लेबलं आली, तरी पुन्हा घडलं. खरा फरक पडतो तो हे औषध सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाइन पिशवीत पातळ करून दिल्याने. पिशवी मणक्याच्या सुईला कोणी लावायला जात नाही. आता मणक्याच्या सुयांसाठी वेगळ्या मापाचे कनेक्टरही आलेत, नेहमीची सिरिंज त्यांना बसतच नाही. लाल अक्षरं वाचायला माणूस ताजातवाना लागतो, न बसणाऱ्या कनेक्टरला तशी गरज नाही.

दुसरं, ‘दोघांनी तपासा’ हा उपाय सगळे लिहितात. पण पहिली म्हणते “दहा मिलिग्रॅम आहे ना गं?” आणि दुसरी म्हणते “हो”. ही तपासणी नव्हे, तो होकार झाला. दुसरीने पहिलीचं उत्तर न ऐकता स्वतः हिशोब करायचा आणि मग दोन आकडे जुळवायचे. वेळ लागतो, म्हणून सगळ्या औषधांना नाही, मोजक्या घातक औषधांनाच करावं. सगळीकडे सक्ती केली की सह्या उरतात, तपासणी जाते.

रूळ

परिचारिका ताईंच्या मुद्द्याला जोडून. जपानच्या रेल्वेत चालक सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने त्याची स्थिती म्हणतात. बाहेरच्याला विचित्र वाटतं. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये साध्या बटण दाबण्याच्या कामावर चाचणी घेतली. काहीच न करता १०० कृतींमागे २.३८ चुका, बोट दाखवून आणि बोलून ०.३८. नजर, हात, तोंड आणि कान एकाच गोष्टीवर आले की हाताला आपोआप धावता येत नाही. खर्च काहीच नाही.

तिसरी पाळी, फ्लँजला पाना लावण्याआधी टॅगवर (पंपाच्या नाव-क्रमांकाच्या पाटीवर) बोट ठेवून “पंप ए, बंद, रिकामा” म्हणणं ही सवय तुमच्याकडे लावून बघा.

चौकस

चांगली आहे, पण तीही माणसाच्या लक्षावरच उभी आहे. उपायांची उतरंड विसरू नका: धोका काढून टाकणं सगळ्यात वर, मग कमी धोक्याची वस्तू वापरणं, मग यंत्राला आडकाठी, मग कार्यपद्धती, आणि अगदी शेवटी हातमोजे-हेल्मेट. आपले अहवाल शेवटच्या दोन पायऱ्यांवरच रेंगाळतात, कारण त्या स्वस्त आहेत आणि त्याच दिवशी ‘पूर्ण’ अशी खूण करता येते.

कंट्रोलरूम_११

पंप ए, पंप बी आणि दुरुस्ती हे शब्द एकत्र आले की मला पायपर अल्फाच आठवतं.

६ जुलै १९८८, उत्तर समुद्रातला तेल-वायूचा प्लॅटफॉर्म. ए पंपाचा सुरक्षा वॉल्व्ह दिवसा दुरुस्तीला काढला होता आणि उघड्या तोंडावर झाकणासारखा फ्लँज लावला होता. काम पाळीत संपलं नाही. पंपाच्या देखभालीचं परमिट (कामाची लेखी परवानगी) वेगळं आणि वॉल्व्हचं वेगळं, दोन्ही एकत्र ठेवलेली नव्हती. रात्री बी पंप बंद पडला. पाळीवरच्या लोकांना ए पंपाची देखभाल व्हायची आहे हे ठाऊक होतं, पण त्याचा वॉल्व्हच जागेवर नाही हे पाळी बदलताना त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यांनी ए सुरू करायला घेतला. त्या झाकणातून वायू गळला आणि स्फोट झाला. १६७ माणसं गेली. त्या रात्री बटण दाबणाऱ्याच्या हातात जी माहिती होती तिच्यानुसार त्याचं वागणं बरोबरच होतं. लॉर्ड कलन यांच्या चौकशीतून १०६ शिफारशी आल्या, आणि परमिट व पाळीबदल यांकडे जगभर नव्याने पाहिलं गेलं.

पॅनेलवर बसणारा म्हणून अजून एक. १९७९ मध्ये थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक वॉल्व्ह उघडाच अडकला होता आणि पॅनेलवरचा दिवा तो बंद असल्याचं सुचवत होता. कारण त्या दिव्याला वॉल्व्हची खरी स्थिती कळतच नव्हती. ‘बंद हो’ असा आदेश गेला, एवढंच तो सांगायचा. ऑपरेटरने दिव्यावर विश्वास ठेवला. मी आजही प्रत्येक नव्या स्क्रीनवर विचारतो: हे दाखवतोय ते खरं घडलेलं, की फक्त आपण सांगितलेलं?

अलार्मचंही तसंच. १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या शेवटच्या जेमतेम ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. अडीच सेकंदांना एक. त्यातला महत्त्वाचा कोणता हे माणसाने ओळखायचं कसं? नंतर अहवालात ‘ऑपरेटरने अलार्मकडे दुर्लक्ष केले’ असं लिहिणं सोपं असतं. अलार्म लावणारे आम्हीच, आणि प्रत्येक बैठकीनंतर एक वाढवणारेही आम्हीच.

परिचारिका

आमच्या अतिदक्षता विभागात अगदी हेच. मॉनिटर इतके वाजतात की कान त्यांना गाळून टाकतात.

तिसरी_पाळी

फिटरची सलग कितवी रात्र होती हे कोणी विचारलं नव्हतं. आज नोंदवही पाहिली. साप्ताहिक सुट्टी न घेता दुसऱ्यांच्या जागी बदली पाळ्या करत होता आणि घटना पहाटे साडेतीनच्या सुमारास घडली.

मोजमाप

हे अहवालात यायलाच हवं. सलग १७ तास जागं असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असं १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन प्रयोगात दिसलं. ठिणगी साहेब ज्याला गेटवरून परत पाठवतात, त्याच्याच जवळपासच्या अवस्थेतल्या माणसाला आपण ओव्हरटाइम देऊन आत ठेवतो.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोटात १५ जण गेले. चौकशीत निघालं की काही ऑपरेटर १२ तासांच्या पाळ्या २९ किंवा अधिक दिवस सलग करत होते. टॉवर काठोकाठ भरत होता आणि बिघडलेलं उपकरण पातळी उतरत असल्याचं दाखवत होतं. ताजा माणूस कदाचित म्हणाला असता, “आत येतंय, बाहेर जात नाही, मग पातळी उतरते कशी?” थकलेला माणूस स्क्रीन म्हणेल ते मानतो.

ठिणगी

हे मला लागलं. बदलीची यादी मीच बनवतो. पुढच्या महिन्यापासून सलग रात्रींना मर्यादा घालायचा प्रस्ताव देतो.

रूळ

फिटरशी कोणी नीट बोललंय का? ‘तू असं का केलंस’ नव्हे. या प्रश्नाला माणूस बचावच करतो, किंवा साहेबांना हवं ते बोलून मोकळा होतो. त्याला जागेवर न्या, शक्यतो रात्रीच. “जिन्यावरून उतरलास, मग काय दिसलं? इथे हात लावलास तेव्हा काय वाटलं? आवाज कसला होता?” असं विचारा. निकाल आपल्याला माहीत असतो म्हणून वाट सरळ दिसते. त्याच्यासमोर तेव्हा चार वाटा होत्या. आणि जे सांगेल त्यावरून शिक्षा होणार नाही हे आधी लेखी द्या, नाहीतर तो ताकास तूर लागू देणार नाही. अमेरिकेत विमानसेवेची गोपनीय नोंद पद्धत १९७६ मध्ये सुरू झाली तेव्हा ती मुद्दाम नासाकडे दिली, कारण शिक्षा करणारी संस्था वेगळी होती. म्हणून लोक लिहू लागले.

तिसरी_पाळी

सगळ्यांचे आभार. रूळ यांनी सांगितलं तसंच केलं, काल रात्री त्याला जागेवर नेलं. तो म्हणाला, “साहेब, पहिला पंप तो ए, हे डोक्यातच बसलंय.” पाटी पंपाच्या मागच्या बाजूला आहे, जिन्याकडून दिसत नाही. शेजारचा ब्लोअर इतका आवाज करतो की पंप चालू की बंद हे कानाला कळत नाही. परमिटवर फक्त ‘फीड पंप’ लिहिलं होतं, टॅग क्रमांक नव्हता. ते परमिट देणाऱ्याने जागेवर येऊन पंप दाखवलेला नव्हता, कारण त्या रात्री तो एकटाच तीन युनिट सांभाळत होता.

फेरचौकशीच्या अहवालात ‘निष्काळजीपणा’ शब्द काढून हे सगळं लिहितोय. शिफारशी: दोन्ही पंपांवर जिन्यासमोर मोठे टॅग आणि वेगळे रंग, परमिटवर टॅग क्रमांक सक्तीचा, परमिट देणाऱ्याने जागेवर पंप दाखवल्याशिवाय काम सुरू नाही, पुढच्या शटडाउनला (प्लांट देखभालीसाठी बंद असेल तेव्हा) पॅनेलचा क्रम जागेप्रमाणे, रात्रीच्या मनुष्यबळाचा फेरविचार. फिटरची लेखी समज मागे घ्यावी हेही लिहिलंय. काही राहिलं का?

गेजवाला

पॅनेलचा क्रम बदलताना जपून. फक्त तिथलाच उलटा केलात तर ही एक जोडी बाकी सगळ्यांपेक्षा वेगळीच राहील, आणि पॅनेलवाला फसेल. जागेवरची पाइपिंग बदलणं जमणार नसेल तर टॅगची अदलाबदल शक्य आहे का बघा, म्हणजे आधी लागणारा पंप ए होईल. ड्रॉइंग, परमिट, सुट्या भागांची यादी, सगळीकडे एकाच दिवशी बदल व्हायला हवा आणि तिन्ही पाळ्यांना समोरासमोर सांगायला हवं. अर्धवट बदल आहे त्यापेक्षा घातक.

ठिणगी

आणि एक. आम्ही लाइनला हात लावण्याआधी टेस्टर लावतो, तसं तुमच्याकडे काही दिसत नाही. फ्लँज सैल करण्याआधी ड्रेन वॉल्व्ह (आतला द्रव बाहेर सोडणारा) उघडून दाब शून्य आहे हे दोघांनी पाहायचं, आणि ड्रेन चोंदलेला नाही याची खात्री करायची. चुकून दुसऱ्या पंपावर गेलाच, तरी तिथेच कळेल. ड्रेनचं तोंड सुरक्षित बाजूला वळवलेलं आहे ना, ते आधी बघा. नसेल तर शटडाउनपर्यंत थांबू नका, या आठवड्यात करून घ्या.